भाकरीच्या वेळी गप्प होणारा ठिपका

माझ्या मामाच्या मातीला मी हजर होते. त्याच्या शेताच्या बांधाला, लिंबाच्या सावलीत खड्डा घेतला होता, आणि इतरांसारखीच मूठभर माती मीही टाकली होती. त्यामुळे त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तो मला कॉलेजच्या लॅबमध्ये, संगणकाच्या पडद्यावर, सगळ्या गावाच्या मधोमध बसलेला दिसला तेव्हा मला आधी वाटलं, माझ्या प्रोग्राममध्येच कुठंतरी घोळ आहे.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते आणि त्यातून वेळ काढून पीएचडीचं काम करते. गाव सोडून गेलेली माणसं फोनवरच्या ग्रुपमधून एकमेकांना कशी धरून राहतात, हा माझा विषय. काम ऐकायला अवघड, पण मुळात सोपं आहे. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. एकानं टाकलेल्या पोस्टवर दुसऱ्यानं काही लिहिलं की दोघांच्यात एक रेघ. बोलणं जास्त, तशी रेघ जाड. मग संगणक सांगतो की कुणाचा घोळका कुठला आणि कोणता ठिपका काढला तर घोळके एकमेकांपासून सुटे होतील.

त्यासाठी मी माझ्या आजोळच्या गावाचा ग्रुप निवडला. मंद्रूपच्या पुढं, भीमेच्या अंगाला ते गाव आहे. निम्मं मराठी बोलतं, निम्मं कानडी, आणि भांडताना दोन्ही. मी स्वतः त्या ग्रुपात नव्हते. बायका तिथं नावालाच होत्या. ग्रुप चालवणाऱ्यानं आधी सगळ्यांना विचारलं आणि ज्यांनी होकार दिला त्यांचंच लिखाण मला मिळालं. तेही नावं काढून, नावांच्या जागी आकडे घालून. कुठला आकडा कुणाचा, हे मला कळू नये म्हणून ती जबाबदारी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीकडं दिली होती. ती शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली. तिच्या घरी अजून चादरीचे माग चालतात, त्यामुळे ती नेहमी जरा मोठ्यानं बोलते.

चित्र तयार झालं तेव्हा दुपार होती. लॅबचे पंखे गरम हवा फिरवत होते. एका बाजूला चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागलेल्यांचा घोळका, दुसऱ्या बाजूला पुण्याला गेलेल्यांचा, वर एका कोपऱ्यात मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांचा, खाली गावात राहिलेल्यांचा. आणि मधोमध एकच मोठा ठिपका. सगळ्या घोळक्यांकडं त्याच्यापासून जाड रेघा गेलेल्या. तो झाकला की गावाचे चार तुकडे होत होते.

"हा कोण तुमचा पुढारी?" मैत्रिणीनं विचारलं.

पुढारी नव्हता. या ठिपक्यानं स्वतःहून एकही पोस्ट टाकलेली नव्हती. तो फक्त दुसऱ्यांच्या पोस्टखाली लिहायचा. मी त्याच्या कमेंटा उघडून वाचायला लागले.

मेंढपाळानं पिल्लांचा फोटो टाकला होता. खाली लिहिलेलं, 'त्या काळ्या तोंडाच्याला आईजवळच ठिव. गार वारं हाय.' पुण्यातल्या कुणाची मुलगी आजारी होती. खाली, 'ताप उतरला का लेकीचा? तू जेवलास का?' एमआयडीसीतल्या एकानं नुसताच रस्त्याचा फोटो टाकला होता. त्याखाली, 'ऊट झालं का बाळा?'

ऊट म्हणजे कानडीत जेवण. गावात ते पुष्कळ जण म्हणतात, पण 'ऊट झालं का बाळा' हे मी एकाच घरात ऐकलं होतं. सुट्टीत मामाकडं गेलं की चपला काढायच्या आत हा प्रश्न यायचा. आकड्यामागचा माणूस मला कळायला नको होता आणि तो मला कळला होता.

मी तारीख पाहिली. कमेंट मागच्या आठवड्यातली होती.

मैत्रिणीला मी सांगितलं, की हे माझे मामा आहेत आणि ते गेलेले आहेत. तिनं तिच्याकडची नोंद पाहिली आणि मान हलवली. खातं मामाचंच होतं. मग जरा थांबून म्हणाली, "संशोधनाला परवानगी पण दिलीय गं त्यांनी. 'चालंल की' असं लिहिलंय."

मी उगाचच खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये गाड्या उन्हात चमकत होत्या.

सगळ्यात साधं उत्तर म्हणजे मामाचा मुलगा लिहीत असणार. माझा मामेभाऊ चिंचोळीला एका कारखान्यात आहे, मशीन सांभाळतो, त्याला संगणकाचंही बऱ्यापैकी कळतं. मैत्रीण म्हणाली, एवढं काय, तपासून बघू. तिनं आधीच एक प्रोग्राम लिहिलेला होता. तो लिखाणाची लकब ओळखतो. कोण कुठले शब्द आधी टाकतं, कुठं टिंब देतं, कुठं नाही, वाक्य कसं मोडतं, यावरून दोन लिखाणं एका हाताची की वेगळ्या, ते सांगतो. आम्ही मामा असतानाच्या कमेंटा एका बाजूला घातल्या, गेल्यानंतरच्या दुसऱ्या बाजूला. मुलाचं स्वतःच्या नावानं केलेलं लिखाण तिसरीकडं.

मुलाचं लिखाण वेगळं निघालं. मामाचं आधीचं आणि नंतरचं, दोन्ही एकाच हाताचं.

मैत्रिणीनं ते पुन्हा चालवलं. मग पुन्हा. मग खुर्ची मागं ढकलून म्हणाली, "प्रोग्राम बरोबर आहे. म्हणजे दोनच गोष्टी होतात. एक तर तुझे मामा गेले नाहीत, नाही तर ते कधी लिहीतच नव्हते."

ती विनोदानं बोलली होती. पण बोलून झाल्यावर तिनं प्रोग्राम आणखी एकदा चालवला.

मामा कमी बोलणारा माणूस होता. कमी म्हणजे, पाहुणे आले तर 'या' आणि गेले तर 'बरं', त्याच्या मधे काही नाही. आयुष्यभर मेंढरामागं रानोमाळ फिरला आणि शेवटची काही वर्षं घरी राहून थोडी शेती बघायचा. गावातले लोक म्हणायचे, आण्णा बोलत न्हाय, पर फोनवर लिवतोय बघा लई मायेनं. आम्हा सगळ्यांना ते ऐकून बरं वाटायचं. कधी कुणाला त्यात विचित्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेळा काढून बघितल्या. हा ठिपका दिवसात कधी बोलतो, कधी गप्प असतो. मामा जिवंत असतानाच्या वर्षांत त्यात रोज दोन मोकळ्या जागा होत्या. एक सकाळची, एक दिवेलागणीनंतरची. पावसाळा असो, उन्हाळा असो, त्या दोन वेळी एकही अक्षर नाही. माझ्या आईच्या घरी त्या वेळी चूल पेटलेली असते. भाकरी थापत असताना हाताला पीठ असतं, फोन धरता येत नाही.

मामानं जन्मात भाकरी थापली नव्हती.

मग मी नंतरचा काळ बघितला. मामा गेला त्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत ठिपका पूर्ण गप्प. दिवाळीत तो पुन्हा बोलायला लागला होता. पहिल्याच कमेंटखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आण्णा, लई दिवसांनी!' मैत्रिणीकडून त्याचं नाव घेतलं, तर लिहिणारा माणूस मामाच्या तेराव्याला माझ्या शेजारच्या पंगतीत जेवला होता. आणि दिवाळीनंतरच्या लिखाणात त्या दोन मोकळ्या जागा नव्हत्याच. सकाळ, दुपार, दिवेलागण, सगळं सारखं. हात तोच होता, पण तो हात आता भाकरी थापत नव्हता. जेवत नव्हता, झोपत नव्हता. बोलावलं की बोलत होता.

मी येत्या रविवारी जायचं ठरवलं. रविवार यायच्या आतच रजा टाकून गेले.

मंद्रूपला एसटी बदलून गावात पोचले तेव्हा मामी दारातच ज्वारी निवडत बसली होती. मामी माहेरची अक्कलकोटच्या पलीकडली, कानडी मुलखातली. गावात सगळे धरून चालायचे, मीही धरून चालले होते, की तिला अक्षरओळख नाही. बँकेत ती अंगठा उठवायची.

"आली का गं? बस की. येकटीच?" असं म्हणून ती पाणी आणायला उठली. मी तिला थांबवलं. मला आडून आडून विचारता आलं नाही.

"मामी, मामाच्या नावानं ग्रुपवर तू लिहायचीस का?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. घाबरली नाही, लाजलीही नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी ओळखीचं नाव घ्यावं तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मशीननं."

यावर ती हसली. मग सांगत गेली. लहानपणी ती कानडी शाळेत चार इयत्ता शिकली होती. इकडं लग्न होऊन आली तर सगळी अक्षरं परकी. मग दुकानांच्या पाट्या, एसटीवरची नावं, डब्यावरचे कागद असं करत एकेक अक्षर ओळखीचं करत गेली. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. पोरानं बापाला फोन घेऊन दिला, खातं काढून दिलं, ग्रुपात घातलं. मामानं फोन एकदा उलटासुलटा करून कोनाड्यात ठेवून दिला. रानातून आल्यावर मामी त्याला ग्रुपवरचं वाचून दाखवायला लागली. आणि एक दिवस कुणाचं तरी वाचून राहवलं नाही, म्हणून तिनंच खाली लिहिलं.

"स्वतःच्या नावानं खातं काढायचं की," मी म्हणाले.

"बाईमाणसाचं नाव बगून कोन बोलतंय तितं? आनि बोललं तर काय बोलंल, ते तुला ठावं हाय की."

मग ती म्हणाली, "पर मी खोटं काई लिवलं न्हाय बरं का. 'मी आलो', 'मी गेलो' असं लिवायचं म्हंजी खोटं हुतं. 'आले' लिवलं तर उगडं पडतं. म्हनून माजं काई लिवलंच न्हाय. समद्यांचंच इचारत गेले."

मला आठवलं. इतक्या कमेंटा मी वाचल्या होत्या आणि त्यात 'मी' कुठंच नव्हता. माझ्या प्रोग्रामला ते लकब म्हणून दिसलं असेल, मला मात्र दिसलं नव्हतं.

"मामी, मग आता? मामा गेल्यावर पण तू लिहितेस ना?"

तिचा चेहरा बदलला. तिनं पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला, जणू आत कुणीतरी झोपलंय.

"न्हाय गं. मानूस गेल्यावर त्येच्या नावानं कसं लिवू? त्या दिसापासनं मी येक अक्षर लिवलेलं न्हाय."

"मग कोण लिहितं?"

"ते लिवत्यात," मामी म्हणाली. "तुजा मामा."

ती आत गेली आणि फोन घेऊन आली. फोन मामाच्या फोटोशेजारी कोनाड्यात असायचा, चार्जिंगला लावलेला. दिवाळीत दिवा लावताना तिनं सहज तो उघडला तर मामाच्या नावानं नवीन कमेंट दिसली. तिला वाटलं, जुनीच असेल. मग दुसरी आली. तिच्याच बोलीतली, पण तिनं लिहिलेली नव्हे.

"वाचून दाकवायचे मी. ते ऐकत बसायचे. इतकी वरसं ऐकून ऐकून शिकले बग," ती म्हणाली. "जित्तेपनी येक अक्षर लिवलं न्हाय. आता लिवत्यात. माज्यासारकंच लिवत्यात."

"तू कधी त्याला काही लिहिलंस?"

"त्येच्याच फोनवरनं त्येला कसं लिवू?"

आम्ही दोघी दारात बसलो होतो. फोन आमच्या मधे, सुपातल्या ज्वारीवर ठेवलेला. ऊन अंगणाच्या निम्म्यात आलं होतं आणि दूर कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती. पडदा उजळला. पुण्यातल्या कुणीतरी नव्या घराचा फोटो टाकला होता. आम्ही बघत असतानाच त्याच्याखाली मामाचं नाव उमटलं आणि नावापुढं शब्द आले.

'लई झ्याक. उंबऱ्याला पानी घातलं का?'

मामीचे दोन्ही हात मांडीवर होते. बोटांना ज्वारीचा भुस्सा चिकटला होता. ती फोनकडं बघून हळूच मान हलवत होती, रानातून आलेला माणूस दारात दिसल्यावर हलवावी तशी. मला मात्र तिथून उठून पळावंसं वाटलं. संगणकाची मास्तरीण असून वाटलं. असं काही घडायला काय काय लागतं ते मला चांगलं माहीत होतं, आणि तरी वाटलं.

मला आलेला संशय मी तिला त्या दिवशी सांगितला नाही. जेवले आणि निघाले.

मामेभावाला मी त्याच्या कारखान्याच्या फाटकासमोर गाठलं, शिफ्ट सुटताना. तिथं रस्त्याच्या कडेला चहाची टपरी आहे. त्याला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला बघून तो दचकला.

"ताई? घरी समदं बरं हाय न्हवं?"

"बरं आहे. तुझ्या आण्णांच्या खात्यावरून कोण लिहितं?"

त्यानं चहाचा ग्लास हातात फिरवला. "मी न्हाय."

"मग कोण?"

"म्हंजी बसवलंय मी. पर लिवत मी न्हाय."

मग तो बोलायला लागला, आणि इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मेंढरं सोडून तो कंपनीत आला तेव्हापासून बापाचं आणि त्याचं बोलणं जवळजवळ तुटलं होतं. घरात समोरासमोर बसले तरी दोघं भिंतीकडं बघायचे. पण ग्रुपवर बाप विचारायचा. शिफ्ट कुठली हाय, डब्यात काय नेलंस, पाय दुखतोय का अजून. बाप गेला तेव्हा तो कामावर होता. नंतर तो खोलीवर बसून बापाच्या सगळ्या कमेंटा वाचत राहिला. मग इंटरनेटवर फुकट मिळणारं, माणसासारखं बोलणारं एक मॉडेल त्यानं घेतलं, त्याला त्या सगळ्या कमेंटा वाचायला दिल्या आणि बापासारखं बोलायला शिकवलं. फक्त स्वतःशी बोलण्यासाठी.

"आनि ग्रुपवर?"

"दिवाळीत येकानं टाकलं हुतं, यंदा आण्णा न्हाईत, ग्रुप सुना वाटतोय म्हनून. खात्याचा पासवर्ड माझ्याकडंच हुता. म्हटलं, येकदा उत्तर देऊ दे. मग समदेच बोलायला लागले त्याच्याशी. कुनी इचारलंच न्हाय गं, कसं काय म्हनून. मग बंद करायला धीर हुईना."

"त्याच्याशी तू काय बोलायचास?"

"मी इचारलं, आण्णा, मी मेंढरं सोडली त्येचा राग हुता का? तर म्हनतंय, ऊट झालं का बाळा. परत इचारलं. म्हनतंय, डबा नेलास का. किती बी इचारा, सोताचं कायबी सांगत न्हाय ते. माझंच काईतरी चुकलंय बसवताना."

त्याचं काही चुकलं नव्हतं. का सांगत नाही ते मला कळलं होतं, आणि आता ते मला त्याला सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. मामीचं, कानडी शाळेचं, कोनाड्यातल्या फोनचं सगळं. पुढच्या शिफ्टचा भोंगा झाला, मोटारसायकली आत गेल्या, धूळ खाली बसली.

"म्हंजी आण्णा माझ्याशी कदीच बोलले न्हाईत," तो म्हणाला.

मी टपरीवाल्याला अजून दोन चहा सांगितले आणि ते आले तेव्हा आम्ही कुणीच प्यायलो नाही.

त्याच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही दोघं गावी गेलो. त्यानं आईला समोर बसवलं आणि आपल्या फोनवर सगळं दाखवलं. अव्वा, हे असं असतं, ह्येला वाचायला दिलं की हे तसं बोलतं. मामी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"म्हंजी ह्यात मीच हाय?"

"व्हय, अव्वा."

"आनि ते?"

मामेभावानं फोन खाली ठेवला. मामीनं कोनाड्यातल्या फोटोकडं पाहिलं. मग चिडल्यासारखं म्हणाली, "मला वाटलं, शिकले म्हनून." आणि तोंडाला पदर लावून बसली. आम्ही तिला रडू दिलं. मामाच्या मातीला ती इतकी रडली नव्हती.

थोड्या वेळानं मामेभावानं हळूच विचारलं, "अव्वा, मला लिव म्हनून त्येंनी कदी सांगितलं हुतं का?"

मला वाटलं, आता ती मायेनं हो म्हणेल. तिनं खरंच आठवून बघितलं.

"लिव असं न्हाय म्हनाले कदी. पर तू लिवलेलं आलं की परत वाच म्हनायचे. दोन-दोन येळा वाचून घ्यायचे."

मामेभावानं मान खाली घातली. त्याच दुपारी, आईच्या समोरच, त्यानं तो प्रोग्राम बंद केला.

ग्रुपवर चार-सहा दिवस लोक विचारत होते. आण्णा कुठं आहेत, आण्णा गप्प का, तब्येत बरी आहे ना. हे विचारणाऱ्यांतले निम्मे तरी मातीला आलेले होते. मामेभावाच्या फोनवर त्या पोस्टी वाचताना मला त्या प्रोग्रामपेक्षा गावाचीच जास्त भीती वाटली. मग ते विचारायचे थांबले, तेही सगळे एकदम, ठरवल्यासारखे.

मामीनं पोराकडून आपल्या नावानं खातं काढून घेतलं. शब्द तेच, बोली तीच, काळजी तीच. फरक एकच होता, आता ती 'मी पण आज उपाशीच हाय, कंटाळा आला, गुडघा दुखतोय' असं स्वतःचंही लिहायची. फारसं कुणी उत्तर देईना. मी चित्र पुन्हा काढलं तेव्हा तिचा ठिपका अगदी कडेला, एक-दोन बारीक रेघांनी लोंबकळत होता आणि मधोमध नुसती पोकळी होती. एमआयडीसीवाले एकीकडं, पुण्याचे दुसरीकडं. मैत्रीण म्हणाली, हेच तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं चित्र आहे. असेलही. मी ते फार वेळ बघू शकले नाही.

मग मामीचा एक दिवस फोन आला. तिला ग्रुपातल्या एकानं खाजगीत लिहिलं होतं. हा मूळचा गावचाच, पण पोरवयातच बाहेर पडून आता मोडनिंबला हायवेवर पत्रे-पाइपचं दुकान काढलेला माणूस. मैत्रिणीच्या नोंदीप्रमाणं मामाच्या ठिपक्यापासून निघालेली सगळ्यात जाड रेघ त्याच्याकडं जायची. वर्षानुवर्षं दोघं पावसापाण्याचं, पोराबाळांचं, दुखण्याखुपण्याचं बोलत आलेले. मामी त्याला 'लई चांगला माणूस' म्हणायची. त्यानं लिहिलं होतं, 'तुमचं लिवनं आण्णावानी हाय. त्येंच्या नावानं तुमीच लिवत हुता का?' मामीनं 'व्हय' म्हणून कळवलं. थोड्या वेळानं उत्तर आलं होतं, 'मी पण तशीच हाय.'

मी फोन ठेवला आणि संगणक उघडला. ज्या पुरुषांच्या खात्यांच्या वेळा मी कधी तपासल्या नव्हत्या त्या तपासल्या. एकेक नव्हे, सगळ्यांच्या एकदम. पडद्यावर दिवस उगवायचा, ठिपके बोलायला लागायचे, आणि भाकरीच्या वेळेला त्यातले कितीतरी एकदम विझायचे. गावातले, पुण्यातले, एमआयडीसीच्या खोल्यांवरचेसुद्धा. मग तासाभरानं परत लागायचे. मी मैत्रिणीला हाक मारली. तिनं बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "बंद कर ते."

मामीला मोडनिंबला जायचं होतं. एकटीनं धीर होत नव्हता, म्हणून मी बरोबर गेले. एसटीतून उतरलो तर दुकानासमोर एक बाई उभी होती, मामीच्याच वयाची, डोक्यावर पदर घेतलेली. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या आणि ओळखत होत्या. ट्रक जात होते. त्या बाईनं मामीचा हात हातात घेतला आणि नुसती त्या हाताच्या बोटांकडं बघत राहिली. मामीनंही सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात दुकानातून तिचा नवरा बाहेर आला. मोठा अदबशीर माणूस. त्यानं मामीला हात जोडले, खुर्च्या सावलीत ओढल्या.

"वहिनी, आपली भेट कदी न्हाय," तो म्हणाला. "पर आण्णांची आनि माजी लई दोस्ती बगा. ग्रुपवर रोजचं बोलनं. असा मानूस परत हुनं न्हाय."

त्याची बायको त्याच्या मागं उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय," मामी म्हणाली. "तुमचं नाव लई काडायचे ते."

तो खूश झाला आणि आत जाऊन त्यानं पोऱ्याला उसाच्या रसाला पिटाळलं. आम्ही तिघी पत्र्याच्या सावलीत बसलो. मग त्या बाईनं मामीला विचारलं, गुडघा आता कसा हाय, आणि मामी सांगायला लागली.